तिच्या वाटचा घाम

पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा काकांनी नमस्कार केला नाही, बसलेही नाहीत. दारातून सरळ पश्चिमेकडच्या भिंतीपाशी गेले आणि आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात भिंतीला लावून उभे राहिले. मार्चमधली दुपार होती. मी चहाचं विचारणार, तेवढ्यात म्हणाले, "ताप आहे जी हिला. झोपायच्या वेळेपर्यंत उतरत नसन."

उतरत नव्हता. पण पाहुण्याने आल्या आल्या घरातलं वैगुण्य दाखवलं तर ते कबूल करायचं नाही, हे आम्हा पुणेकरांना कोणी शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, "आम्हाला सवय आहे."

"तुम्हाला असन. भिंतीला नाही," असं म्हणून काका खुर्चीत बसले. चहा नको म्हणाले. दुपारच्या वेळी गॅस पेटलेला त्यांना बघवत नसे, मग तो स्वतःच्या घरातला असो की दुसऱ्याच्या.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला एकच विषय येतो आणि बाकीच्यांना दहा विषय जेवढे येतात त्याहून तो एक जास्त येतो. काकांचा विषय ऊन. धायरीतल्या आमच्या इमारतीत ते शेवटच्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर राहायचे. मूळचे नागपूरकडचे. वीज खात्यात इंजिनिअर होते आणि बरीचशी नोकरी सबस्टेशनांवर झाली. ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ते जिन्यात कोणाशी बोलत असले की आम्हाला घरबसल्या सगळं कळे. उंच, काटकुळे, आणि होळीपासून पाऊस पडेपर्यंत डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. लिफ्टमध्येसुद्धा.

पुण्याच्या उन्हाळ्याची त्यांना कीव येई. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घाम पुसत घरी आले आणि काका जिन्यात भेटले की ठरलेलं वाक्य यायचं, "कायचं ऊन जी हे? आमच्याकडे एवढं तर होळीलाच असते." पुणेकराला कशाचाही अभिमान वाटू शकतो. मी चिडून म्हणायचे, "अहो, इथेही हल्ली चांगलं कडक पडतं." आणि अर्धा जिना चढल्यावर लक्षात यायचं की आपण भांडलो कशासाठी.

तोंडाने अशी चेष्टा करत, पण त्या उन्हाला काकांनी एक दिवसही हलकं लेखलं नाही. त्याचं कारण त्यांच्या घरात पलंगावर होतं.

काकू नागपुरात स्कूटरवरून पडल्या आणि मानेचा मणका दुखावला. मानेखालचं अंग हलत नव्हतं हे कोणालाही दिसे. न दिसणारी गोष्ट अशी की मानेखाली त्यांना घामही येत नव्हता. आपण घामाने भिजतो आणि कुरकुरतो, पण आपलं अंग निवतं ते त्याच घामाने. काकूंचं अंग आपलं आपण निवत नसे. खोली तापली की त्या तापायच्या, आणि तो ताप गोळीने उतरणारा नव्हता. अशा माणसाच्या जिवावर उन्हाळा बेतू शकतो, हे डॉक्टरांनी काकांना तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून ते पुण्याला आले. पुणं म्हणजे थंड हवेचं गाव, असं लहानपणापासून ऐकलेलं. मुलगी हिंजवडीत नोकरीला होती, तिच्याबरोबर घरं पाहिली, आणि पाहिली ती दिवाळीत. छान थंडी, मोठ्या खिडक्या, सिंहगडाकडून येणारा वारा. जन्मभर उष्णतेशी व्यवहार केलेला इंजिनिअर शेवटच्या मजल्यावर खुशाल भाळला. मार्च लागला आणि डोक्यावरचा स्लॅब तव्यासारखा तापला. त्याच महिन्यात काकूंना दवाखान्यात हलवावं लागलं. "नागपूरच्या उन्हातून पळालो आणि पुण्याच्या स्लॅबखाली सापडलो," असं काका म्हणत. एवढी एकच गोष्ट ते हळू आवाजात सांगत.

काकू दवाखान्यातून परत आल्या त्या दिवसापासून घराची व्यवस्था बदलली. सूर्याला काका 'साहेब' म्हणत. "साहेबांना बाहेरच भेटायचं. एकदा आत येऊन बसले की उठायचं नाव घेत नाहीत," हे त्यांचं तत्त्व, आणि त्यात सरकारी नोकरीचाही अनुभव असावा. आपण ऊन आलं की आतून पडदे ओढतो. काका हसत. "ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर बसलं, आता ते तुमचंच झालं ना." त्यांनी खिडक्यांना बाहेरच्या बाजूने बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, टांगल्या. सकाळी स्वयंपाक उरकला की खिडक्या बंद, दारं बंद, दिवे बंद. घरात भरदुपारी तिन्हीसांजेसारखा काळोख. साहेब मावळले की सगळं सताड उघडं, ते थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. फ्रीज मागच्या बाल्कनीत नेऊन ठेवला, कारण तो पोटातली गर्मी पाठीमागून खोलीत टाकतो. माझ्या सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "यांनी फ्रीजला वाळीत टाकलंय."

सगळ्यात देखणी व्यवस्था होती ती पश्चिमेच्या खिडकीची. आपल्याकडे दुपारी वारा तिकडून येतो, म्हणून काकूंचा पलंग त्या खिडकीसमोर होता. होळी झाली की काका खिडकीच्या चौकटीत वाळ्याची जाडजूड ताटी बसवत आणि मृगाचा पाऊस पडल्याशिवाय ती हलवत नसत. ताटी ओली राहिली की आत येणारा वारा थंड होऊन येतो. पण सारखं पाणी कोण मारणार? काकूंच्या दवाखान्यातल्या दिवसांत सलाईनच्या नळ्या साठल्या होत्या. काकांनी त्या धुतल्या, वर पाण्याचा डबा टांगला आणि थेंब थेंब पाणी ताटीवर सोडलं. नळीवरच्या चाकाने थेंबांचा वेग कमीजास्त करता येई. वीज नको, पंप नको. "खिडकीला सलाईन लावलंय," काकू सांगायच्या, "माझं काढलं आणि तिला लावलं."

काकूंच्या जिभेला काही झालेलं नव्हतं. काका दिवसभर सुती पंचे भिजवून, पिळून त्यांच्या हातापायांवर टाकत आणि पंखा सुरू ठेवत. पंचा वाळला की पुन्हा ओला. त्या मला म्हणाल्या, "हे मला माठ समजून राहिले. ओल्या फडक्यात गुंडाळतात आणि वाट पाहतात थंड कधी होते म्हणून."

काका या धावपळीत स्वतः निथळत असत. मी एकदा सुचवलं की मदतीला एखादी बाई ठेवा. ते पंचा पिळता पिळता म्हणाले, "पोळ्यांना आहे ना जी बाई. पण तिच्या वाटचा घाम आता माझ्याकडे आहे. तो कोणाला कसा देऊ?" वाक्य टाकून ते मोरीकडे गेलेसुद्धा. आपण काही विशेष बोललो असं त्यांना वाटलं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल की एसी नव्हता का. होता. मुलीने घेऊन दिलेला, काकूंच्या खोलीत भिंतीवर. तो बहुतेक वेळ बंद असे आणि त्यावरून इमारतीत बोललं जाई. "वीज खात्यात जन्म गेला आणि आता बायकोसाठी युनिटं मोजतोय," असं आमच्या सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये ऐकवलं. शेवटी मी काकांनाच विचारलं.

"ताई, मी ही गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली आहे," ते म्हणाले. "मे महिन्याची दुपार असते. सगळं गाव एकदम एसी लावते. इकडे आमचा ट्रान्सफॉर्मर तापून राहिला, कधी जाईल नेम नाही. ज्या घडीला लाईट सगळ्यात जास्त पाहिजे, त्याच घडीला ती जाते. हिचा जीव मी त्या तारेला कसा लटकवू?"

फार कडक दिवस असला की ते एसी थोडा वेळ लावत, आणि घर आधीच थंड असल्यामुळे तेवढ्यात भागे. इतरांच्या एसीबद्दल त्यांना कणव होती. "सगळी दारं-खिडक्या उन्हाला मोकळ्या सोडता आणि एकट्या मशीनला लढायला पाठवता. ती धापा टाकते त्यात नवल काय जी?"

त्यांनी गच्चीला पांढरा चुना द्यायची परवानगी मागितली तेव्हा सोसायटीची सभा रंगली होती. गच्ची सामाईक आहे, असं एकजण म्हणाला. पांढऱ्या गच्चीने डोळे दिपतील, असं दुसरा म्हणाला. तिसऱ्या बाईंनी विचारलं, आमच्या पापडांना चुना लागला तर? काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सबस्टेशनच्या आवाजात म्हणाले, "डोळे दिपतात म्हणजे ऊन परत चाललं. तेच तर पाहिजे. आणि पापड तुम्ही चादरीवर घालता, गच्चीवर नाही." सभा संपली. दर वर्षी शिवरात्रीच्या सुमाराला काका स्वतः बादलीत चुना आणि गोंद कालवून गच्चीवर कुंचा फिरवत. एका उन्हाळ्यानंतर शेवटच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी आपापल्या डोक्यावरचा भागही त्यांच्याकडून रंगवून घेतला. पापडवाल्या बाई पहिल्या होत्या.

बंद घराचे घोटाळे मात्र होतच. पुण्यात उन्हाळ्यात माणूस वाऱ्यासाठी दारं-खिडक्या उघड्या टाकतो. त्यामुळे भरदिवसा बंद आणि अंधारं घर म्हणजे माणसं गावाला गेली, असाच आपला समज. कुरिअरवाले खालच्या खाली परत जात. नागपूरहून मुद्दाम भेटायला आलेले काकांचे एक मित्र खालूनच चिका पाहून परत निघाले होते. मी त्यांना फाटकात गाठलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आमच्याकडे घर बंद असलं की समजते माणूस आत आहे. तुमच्या गावात येऊन मीही विसरलो."

आत गेलेल्या पाहुण्यालाही दुपारी फार वेळ बसू देत नसत. वऱ्हाड-नागपूरकडचा माणूस तुम्हाला जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि हे गृहस्थ पन्हं हातात देऊन घड्याळाकडे बघत. एकदा त्यांनीच उलगडा केला. "रागावू नका. एक माणूस म्हणजे जळता बल्ब असते. तुम्ही पाच जण आलात तर मला खोलीत पाच बल्ब लागले." तेव्हापासून आमच्याकडे काकूंना भेटायला जायचं म्हणजे 'बल्ब व्हायला जायचं' असा शब्द रूढ झाला. आम्ही सूर्य मावळल्यावर जायचो. तेव्हा काका वेगळेच माणूस असत. ताट वाढून देत, गप्पा मारत, नको म्हटलं तरी वाटीत आणखी वाढत.

त्या एका मे महिन्यातली दुपार आमच्या इमारतीत अजून बोलली जाते. कोपऱ्यावरच्या डीपीत मोठा आवाज झाला आणि वीज गेली. बराच वेळ येणार नाही असं कळलं. मोठ्या काचांची घरं घटकाभरात भाजून निघाली. मी कॉलेजातून आले, लिफ्ट बंद, म्हणून सासूबाईंना पाणी देऊन वर काकूंची चौकशी करायला जिना चढले. काकांच्या दारात त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी उभी होती. आयटीतली, नवरा ऑफिसला गेलेला, कडेवर काही आठवड्यांचं बाळ. बाळ लालबुंद झालं होतं आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"काका, प्लीज, थोडा वेळ आत बसू का? तुमच्याकडे थंड असतं म्हणून," ती म्हणत होती.

काका दार अर्धवट उघडून चौकटीत उभे होते आणि बाजूला होत नव्हते. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. पंखा बंद होता. होती ती फक्त ताटी आणि सकाळपासून राखलेला गारवा, आणि तो कितीजणांना पुरेल याचा हिशेब त्या चेहऱ्यावर चाललेला मला दिसत होता. पोरीला वाटलं, आपण नको तिथे आलो. ती वळायलाही लागली.

आतून काकूंचा आवाज आला. "कोण आहे? लेकरू रडून राहिलं ना. घ्या आत."

काका बाजूला झाले. ती आत गेली. मग काकांनी तिला ओले पंचे, बादली आणि हातपंखा दाखवला, पायांत चपला घातल्या, बाहेर आले आणि आपल्यामागे दार ओढून घेतलं.

"तुम्ही कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठं नाही. एक आत गेलं की एकाने बाहेर व्हायचं," असं म्हणून ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"आणि बाळ?"

"लेकराचा काही बल्ब नसते जी."

त्या जिन्यात उभं राहवत नव्हतं. वरच्या गच्चीच्या लोखंडी दारातून झळा येत होत्या. मी म्हटलं, खाली आमच्याकडे येऊन बसा. नाही म्हणाले, इथून आवाज ऐकू येतो. आणि संध्याकाळपर्यंत ते तिथेच, दाराला पाठ लावून बसून राहिले. मधून मधून दारावर बोट वाजवून विचारत, "पोरी, पंचा वाळला का? बदल. पायांवरचा आधी." आतून ती हो म्हणे. मी पाणी नेऊन दिलं तर निम्मं प्याले आणि निम्म्यात दुपट्टा भिजवून डोक्याला गुंडाळला. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ थोरामोठ्यांची भाषणं ऐकली आहेत. त्या पायरीवर बसलेल्या माणसाबद्दल मला जेवढा आदर वाटला तेवढा त्यांतल्या एकाबद्दलही वाटलेला नाही.

वीज आली तेव्हा साहेब मावळले होते. काका आत गेले आणि काकूंना विचारलं, "कसं आहे?"

"मजा आली," काकू म्हणाल्या. बाळ त्यांच्या उशीपाशी झोपलं होतं. "इतक्या दिवसांनी लेकराचा वास आला."

असे सगळे उन्हाळे काकांनी परतवून लावले. पहिला मार्च सोडला तर उन्हासाठी काकूंना पुन्हा दवाखाना पाहावा लागला नाही. पाऊस पडला की ते ताटी उतरवून वाळत घालत आणि आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावत. लग्नकार्य पार पडल्यासारखा चेहरा असे.

काकू गेल्या त्या एका जानेवारीत. गार हवेत छातीत कफ झाला, तो काढायची ताकद त्या छातीत उरली नव्हती. दवाखान्यात थोडे दिवस गेले आणि सगळं संपलं. दहाव्याला काका माझ्याशी जे बोलले ते मी विसरू शकत नाही. "मी उन्हाकडे तोंड करून बसलो होतो जी. हे मागून आलं."

त्या वर्षी शिवरात्रीला गच्चीवर कुंचा फिरला नाही. होळी झाली आणि ताटी चौकटीत बसली नाही. मुलगी त्यांना आपल्याकडे न्यायच्या मागे लागली होती आणि पावसाळ्याआधी ती त्यांना घेऊनही गेली. आता वरचं घर बंद असतं, आणि आत कोणी नसतं.

ते जाण्याआधी मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी डाळ-कैरी घेऊन वर गेले. दार उघडं होतं. खोलीत झळा होत्या, चिका गुंडाळून वर बांधलेल्या. पश्चिमेची खिडकी सताड उघडी आणि काका काकूंच्या पलंगावर बसलेले. दुपट्टा नव्हता. इतक्या उजेडात ती खोली मी कधी पाहिली नव्हती.

"या जी," ते म्हणाले. "इथं बसा. तिथं नाही, उशीपाशी. आता थोडं वाका. तिचं डोकं असायचं तिथपर्यंत."

मी वाकले. मागच्या प्लॉटमधला बहावा फुलला होता. उभ्याने पाहिलं तर त्यात इमारती येतात, तारा येतात, टाक्या येतात. उशीवरून यातलं काही दिसत नव्हतं. सगळी खिडकी पिवळी होती.

"हे झाड कधीपासून असं फुलते?" काकांनी विचारलं.

"पहिल्यापासून. दर मे महिन्यात असंच फुलतं," मी म्हटलं.

"पावसाळ्यात ताटी काढली की शेंगा दिसायच्या. गच्चीवरून फुलंही दिसली असती मला. पण उन्हाळ्यात मी कुठं झाडं पाहायला वर जात होतो." मोठ्याने बोलणारा तो माणूस इतकं हळू बोलत होता की मला पुढे सरकावं लागलं. "पाच मिनिटं ताटी काढली असती तर खोली काही तापली नसती. एवढा हिशेब येते मला."

"काका, त्या जगल्या, इतकी वर्षं," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "जगली."

ऊन खिडकीतून आत आलं, पलंगाच्या कडेवर चढलं आणि हळूहळू उशीकडे सरकायला लागलं. काका थोडे बाजूला झाले आणि त्याला जागा करून दिली.